पंचेचाळिशीत पुन्हा स्केटबोर्ड घेताना दुसरा महिना सांभाळा

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी नेमकं कशाचं उत्तर देतेय ते इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. वय ४५, वजन ८६ किलो, पुण्यात बैठी नोकरी. आठवी ते बारावी वाशीत असताना मामांनी मस्कतहून आणलेल्या बोर्डवर रोज संध्याकाळी खेळायचात. ओली, म्हणजे हात न लावता बोर्डसकट मारायची उडी, मारता यायची, फुटपाथच्या कडेवरून खाली उतरता यायचं. आता अकरा वर्षांच्या मुलीला बोर्ड घेतलात, पार्किंगमध्ये तिच्या बोर्डवर सहज उभे राहिलात आणि ‘पायांना सगळं आठवलं’. तुम्हाला विचारायचंय की या वयात पुन्हा सुरू करणं शहाणपणाचं आहे का, बोर्ड कोणता घ्यावा, जुनी ओली परत येईल का, आणि ‘हाड मोडून घ्याल’ म्हणणाऱ्या बायकोला काय सांगावं. शेवटी जाता जाता लिहिलंय, ‘एका गुडघ्याला पूर्वी मार बसला होता, पण आता काही त्रास नाही.’ त्या गुडघ्याकडे मी शेवटी येते.

मी ठाण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. पन्नाशी ओलांडली आहे, लहानपणी बोर्डवर होते आणि चाळिशीनंतर पुन्हा चढले. रविवारी सकाळी मोठ्या माणसांना शिकवते. त्यामुळे तुमच्यासारखी मंडळी मला दोन ठिकाणी भेटतात: बोर्डवर, आणि बोर्डवरून पडल्यावर दवाखान्यातल्या टेबलावर.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘हो, करा’ असंच आहे. पण तुमचा खरा प्रश्न मला वेगळा दिसतो. तुम्ही नवशिके नाही, परतणारे आहात, आणि माझ्या अनुभवात परतणाऱ्याला नवशिक्यापेक्षा जास्त दुखापती होतात. कारण सरळ आहे. तोल सांभाळणं, वळणं, पुश करणं (एका पायाने जमीन मागे ढकलून पुढे जाणं) ही मेंदूने एकदा पक्की केलेली हालचाल वीस-पंचवीस वर्षांनीही बरीचशी शाबूत असते. दोन-तीन आठवड्यांत ती वर येते. स्नायूही दीड-दोन महिन्यांत साथ द्यायला लागतात. टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या कंडरा, मात्र फार सावकाश बळकट होतात. त्यांचा हिशोब महिन्यांचा असतो. हाडाचंही तसंच. म्हणजे पाचव्या-सहाव्या आठवड्यात तुमचं डोकं सतरा वर्षांचं झालेलं असतं आणि टाचेमागची शीर अजून लॅपटॉपसमोर बसलेली असते. नवशिका घाबरत घाबरत शिकतो, त्याचं कौशल्य आणि शरीर जोडीने पुढे सरकतात. तुमचं कौशल्य पुढे पळणार आहे. पहिल्या दिवशी तुम्ही जपूनच असाल. दुसऱ्या महिन्यात कुणी जपून नसतं.

इथे कुणीतरी हमखास ऑलिम्पिकचा दाखला देतं. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ब्रिटनचा स्केटबोर्डर अँडी मॅकडोनाल्ड ५१ वर्षांचा होता. टोकियोत डेन्मार्कचा रुन ग्लिफबर्ग आणि दक्षिण आफ्रिकेचा डॅलस ओबरहोल्झर हे दोघेही ४६ चे होते, आणि त्याच टोकियोत मुलींच्या स्ट्रीट प्रकारात सुवर्ण जिंकणारी मोमिजी निशिया १३ वर्षांची. ऐकायला छान वाटतं. पण ही माणसं कधी थांबलीच नव्हती. त्यांच्या घोट्यांनी तीस-पस्तीस वर्षं रोज मार पचवलाय. तुमचा नि त्यांचा प्रश्नच वेगळा. आणि टोनी हॉकसारख्या जगप्रसिद्ध स्केटबोर्डरचंसुद्धा मांडीचं हाड २०२२ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी, बोर्डवरच मोडलं. तेव्हा वय आड येत नाही हेही खरं आणि वय दिसतं हेही खरं.

आता काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या तुम्ही लिहिलेल्या नाहीत. मधुमेह असेल तर जखम भरायला वेळ लागतो आणि तळपायाची संवेदना कमी झाली असेल तर बोर्ड पायाखाली नीट ‘कळत’ नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डोक्यावर पडण्याचा अर्थच बदलतो. तेव्हा आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला. चक्कर येण्याचा त्रास असेल तर तेच. ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता आपल्याकडे ऑफिसात बसणाऱ्यांमध्ये इतकी सर्रास आढळते की तेवढी एक तपासणी करून घ्या, असं मी सगळ्यांनाच सांगते. वाचणाऱ्यांत पाळी थांबलेल्या बायका असतील तर त्यांनी हाडांच्या घनतेबद्दलही विचारून घ्यावं. तुमच्या ८६ किलोंची मला फारशी काळजी नाही. वजनाने बोर्डची निवड बदलते, बोर्डवर चढायचा हक्क जात नाही.

एक औषध मात्र मुद्दाम सांगते, कारण ते कुणाच्या लक्षात येत नाही. पोट बिघडलं किंवा लघवीला जळजळ झाली की आपल्याकडे सिप्रोफ्लॉक्सासिन, ओफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या गटातली अँटिबायोटिक्स सहज घेतली जातात. कधी कधी तर जुनी चिठ्ठी दाखवून किंवा केमिस्टला विचारूनच. या गटाने कंडरांना, विशेषतः टाचेमागच्या अकिलीस टेंडनला, इजा होण्याची शक्यता वाढते आणि तो धोका कोर्स संपल्यावरही काही काळ टिकू शकतो. असा कोर्स झाला असेल तर उड्या लगेच सुरू करू नका. किती थांबायचं ते औषध देणाऱ्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

आणि चष्मा. पंचेचाळिशीत तुम्हाला प्रोग्रेसिव्ह लेन्स लागली असण्याची दाट शक्यता आहे. तिचा खालचा भाग वाचनासाठी असतो. बोर्डवरून खाली बघाल तेव्हा जमीन त्याच भागातून दिसते आणि धूसर दिसते. पुढचा खडा दिसतच नाही. माझ्याकडे आलेल्या काही जणांचा ‘तोल गेला’ हा त्रास निव्वळ चष्मा बदलून कमी झालाय. बोर्डसाठी फक्त लांबच्या नंबरचा साधा चष्मा करून घ्या, मागे इलॅस्टिकचा पट्टा लावा.

बोर्ड घेण्याआधी घरी एक तपासणी करा. भिंतीला बोटं टेकवून एका पायावर उभे राहा आणि टाच पूर्ण वर उचला, सावकाश खाली आणा. प्रत्येक पायाने अशा वीस-पंचवीस सलग जमायला हव्यात. बहुतेक बैठ्या नोकरीवाल्यांचं बारा-पंधराला इंजिन बंद पडतं, आणि डाव्या-उजव्यात फरकही दिसतो. जमल्या नाहीत म्हणून निराश होऊ नका. हाच तुमचा व्यायाम. एक दिवसाआड पायरीच्या कडेवर उभं राहून, टाच पायरीच्या खालीपर्यंत सोडत, सावकाश. खाली येणं वर जाण्यापेक्षा हळू असलं पाहिजे, खरी मेहनत तिथेच आहे. सोबत खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, आणि दात घासताना एका पायावर उभं राहणं. यात काही विशेष नाही, पण रविवारच्या गटात कोण टिकणार आणि कोण महिन्यात गायब होणार, हे मी साधारण या टाचांवरूनच ओळखते.

आता बोर्ड. मुलीच्या बोर्डवर चढू नका. तो तिच्या वजनाला बसवलेला आहे. त्याच्या ट्रकमधली, म्हणजे फळीखाली चाकं धरणाऱ्या जोडातली बुशिंग, म्हणजे वळताना दबणारे ते रबरासारखे गोळे, तुमच्या वजनाखाली पूर्ण चेपतात. मग चाक वर येऊन डेकला, म्हणजे उभं राहायच्या फळीला, घासतं आणि जागच्या जागी थांबतं. याला व्हील बाइट म्हणतात. बोर्ड थांबतो, तुम्ही थांबत नाही. तिचा बोर्ड खेळण्यांच्या दुकानातून आणलेला असेल, प्लॅस्टिकचे ट्रक आणि कडक प्लॅस्टिकची चाकं असतील, तर तो तिच्याही कामाचा नाही, तो बदला.

तुमच्या आठवणीतला बोर्डही आज शोधू नका. नव्वदच्या दशकात डेक अरुंद होत गेले होते आणि चाकं अगदी चिमुकली. आज मोठ्या माणसासाठी मी सव्वाआठ ते साडेआठ इंच रुंदीचा डेक सांगते. बूट नऊ-दहा नंबरचा असेल तर साडेआठच. मेपलच्या सात थरांचा डेक, ॲल्युमिनियमचे ट्रक, ६०८ मापाची बेअरिंग, युरेथेनची चाकं, एवढं असलं की बाकी नावावर जाऊ नका. दुकानदार ‘एबेक ७’, ‘एबेक ९’ म्हणून बेअरिंगचे जास्त पैसे मागेल. तो आकडा बेअरिंग किती अचूक मापात घडवलंय हे सांगतो, बोर्ड किती पळेल हे नाही. स्वच्छ ठेवलेलं साधं बेअरिंग धूळ भरलेल्या महागड्यापेक्षा बरं.

चाकांवर मात्र विचार खर्च करा, कारण आपल्या जमिनीवर सगळ्यात जास्त फरक चाकांनी पडतो. चाकाचा कडकपणा ‘ए’ या मोजमापात लिहिलेला असतो. ९९ ए ते १०१ ए ही कडक चाकं स्केटपार्कच्या गुळगुळीत काँक्रीटसाठी असतात. आपल्या सोसायटीच्या रस्त्यावर तूरडाळीएवढा खडा आला तरी ती अडतात, आणि परतणारे लोक ट्रिक करताना जेवढे पडत नाहीत तेवढे या खड्याने पडतात. म्हणून सुरुवातीला ७८ ए च्या आसपासची मऊ, ५६ ते ६० मिलिमीटरची चाकं घ्या. ती खड्यावरून निघून जातात, आवाजही कमी करतात, त्यामुळे वॉचमनही सकाळी सहाला शांत राहतो. मोठं चाक आलं की व्हील बाइट पुन्हा आड येतो, म्हणून ट्रक आणि डेकच्या मध्ये तीन मिलिमीटरचा रायझर पॅड बसवून घ्या आणि तुमच्या वजनाला जरा कडक बुशिंग. हे सगळं टी-टूलने, म्हणजे बोर्डच्या नट-बोल्टच्या पान्याने, घरी होतं. एक सवय तेवढी सोडा: पूर्वी बोर्ड आडवा घसरवून थांबत असाल तर मऊ चाकांवर तसं करू नका. मऊ चाक घसरत नाही, जमीन धरतं, आणि पुढचं तुम्हाला कळेलच. थांबायचं ते मागचा पाय जमिनीवर घासत.

ओलीला ही चाकं फारशी बरी नाहीत, जरा रबरी उसळतात. चालेल. पहिले तीन महिने तुम्हाला ओली मारायचीच नाहीये. पुढे गुळगुळीत जागा मिळाली तर कडक चाकांचा दुसरा संच ठेवा आणि जागेप्रमाणे बदला.

जागेबद्दल. पेव्हर ब्लॉक विसरा, चाक प्रत्येक सांध्यावर आपटतं आणि गुडघ्यापर्यंत झिणझिण्या येतात. पार्किंगचं ट्रिमिक्स काँक्रीट चांगलं, फक्त सांधे आणि तेलाचे डाग बघून घ्या. बेसमेंटला उतरणारा रॅम्प, तोही आडव्या खाचांचा, कितीही मोकळा दिसला तरी त्यावर जाऊ नका. खालून गाडी येते आणि वळणावर कुणालाच काही दिसत नाही. शाळेचं बास्केटबॉलचं काँक्रीट मैदान रविवारी सकाळी मिळालं तर त्याहून उत्तम काही नाही. सिंथेटिक टेनिस कोर्टवर बोर्ड नेऊ नका, पृष्ठभाग खराब होतो आणि समिती कायमची बंदी घालते. मग तुमच्या मुलीलाही जागा उरत नाही.

पडणं शिकून घ्या. याला पर्याय नाही आणि हे सगळ्यात कंटाळवाणं आहे. पडताना माणूस हात ताठ करून तळवा जमिनीला लावतो. सगळा भार मनगटावर येतो आणि तिथून कोपर, खांद्यापर्यंत जातो. मोठ्या वयात बोर्डवरची सर्रास मोडणारी जागा म्हणजे मनगट. त्याऐवजी गुडघे वाकवून आधी खाली यायचं, म्हणजे पडण्याची उंचीच कमी होते. हात छातीजवळ, हनुवटी गळ्याशी, आणि खांद्याच्या मागच्या मांसल भागावरून लोळायचं. माझ्या गटात शाळेत कबड्डी खेळलेला माणूस आला की मी निश्चिंत होते, त्याला पडायला शिकवावं लागत नाही. तुम्ही खेळला नसाल तर घरी दोन गाद्या टाका आणि आधी गुडघ्यावर बसून, मग उकिडवं बसून, मग उभ्याने लोळायचा सराव करा. मुलीला बरोबर घ्या, ती तुमच्याआधी शिकेल. दुसरी गोष्ट, बोर्ड वेळेवर सोडून देणं. बोर्ड हातातून निसटतोय असं वाटलं की त्यावरून पुढे पळत उतरायचं. तरुणपणी माणूस शेवटपर्यंत बोर्ड वाचवायला बघतो. आता बोर्डला जाऊ द्या.

साधनांवर माझं मत आमच्यातल्या काही लोकांना पटत नाही, तरी लिहिते. हेल्मेट प्रत्येक वेळी, पार्किंगमध्ये उभं राहून वळायचा सराव असला तरी. मोटारसायकलचं हेल्मेट चालत नाही, ते जड असतं आणि बाजूचं ऐकू येत नाही. डोक्याचा मागचा भाग पूर्ण झाकणारं स्केटचं हेल्मेट घ्या, कारण बोर्ड पुढे निसटला की माणूस मागे पडतो. आतल्या लेबलवर ईएन १०७८ किंवा एएसटीएम एफ १४९२ लिहिलेलं असावं. दुसरं मानक खास स्केटबोर्डसाठी आहे. मनगटाच्या गार्डबद्दल पोरं म्हणतात की त्याने लोळता येत नाही. त्यांच्या दृष्टीने त्यात तथ्य आहे. ज्याला लोळणं अंगवळणी पडलंय त्याला गार्ड अडचणीचा वाटतो. तुमचं ते अंगवळणी नाही आणि सोमवारी तुम्हाला कीबोर्ड चालवायचाय. गार्ड घाला. नी-पॅड सपाट जमिनीवर ऐच्छिक, स्केटपार्कमधल्या रॅम्पवर सक्तीचे, कारण रॅम्पवर पडायची रीतच गुडघ्यांवर घसरत खाली येण्याची आहे. बूट सपाट तळव्याचे हवेत. जाड फेसाच्या रनिंग शूजमध्ये बोर्ड पायाला लागत नाही आणि घोटा सहज मुरगळतो.

इथपर्यंतचं थोडक्यात: शरीराची चौकशी, चष्मा, टाचा, मग मोठा डेक आणि मऊ चाकं, मग गादीवर लोळणं. हे झाल्यावर बोर्डवर चढायचं.

आठवड्यातून दोन, फार तर तीन वेळा, मध्ये एक दिवस सोडून, अर्धा-पाऊण तास. रोज दीड तास नको, कितीही मजा येत असली तरी. पहिले दोन आठवडे फक्त पुश, पायाने ब्रेक, अंग झुकवून वळणं. हे तुम्हाला पहिल्याच दिवशी जमेल आणि तुम्ही वैतागाल. तरीही तेच करा, पण दोन्ही बाजूंना: तुम्ही डावा पाय पुढे ठेवणारे रेग्युलर असाल तर काही वेळ उजवा पुढे ठेवून गुफी. उलट बाजूला तुमचं कौशल्य नवशिक्याचं आहे, त्यामुळे मेंदूला काम मिळतं आणि घोट्यांवर भार कमी राहतो. परतणाऱ्यांना आवरण्याचा मला सापडलेला हा सगळ्यात चांगला उपाय आहे. मग मागच्या चाकांवर भार देऊन वळणारं किक-टर्न, पुढची चाकं किंचित उचलून डावी-उजवीकडे नेत पुढे सरकणारं टिक-टॅक, दुसऱ्या महिन्यात मागच्या दोन चाकांवर थोडं अंतर जाणारं मॅन्युअल. यातून पोटऱ्या आणि घोटे तयार होतात, आणि उडी कुठेच नाही.

रोज सकाळी बिछान्यातून उतरल्यावरची पहिली काही पावलं तुमचा अहवाल देतात. टाचेत किंवा टाचेच्या मागे कालपेक्षा जास्त आखडलेलं, दुखरं वाटलं तर आजचा बोर्ड रद्द. फक्त पायरीवरचा सावकाश व्यायाम, तोही दुखणं वाढत नसेल तर. बोर्डवर असताना दुखत नाही हा पुरावा धरू नका. कंडरा गरम झाली की दुखणं लपतं आणि दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर कळतं.

पावसाळ्याचं एक. ओल्या जमिनीवर चाक घसरतं, बेअरिंग गंजतं, डेकचे थर फुगतात आणि त्याची उसळी जाते. आमच्याकडे ठाण्यात जून ते सप्टेंबर बोर्ड जवळजवळ बंद असतो, पुण्यात तुम्हाला थोडे कोरडे दिवस मिळतील. झाकलेलं पार्किंग असेल तर उत्तम, नसेल तर ते महिने टाचांना द्या. मात्र ऑक्टोबरमध्ये परत याल तेव्हा जूनमध्ये सोडलं तिथून सुरुवात करू नका, तीन-चार आठवडे मागे जा.

आता ओली. येईल. ज्याला एकदा आली होती त्याला बहुतेक वेळा परत येते, पूर्वीच्या उंचीची नाही. पण तिच्यात काय होतं ते बघा. मागच्या पायाच्या घोट्याने टेल, म्हणजे बोर्डचं मागचं टोक, जमिनीवर झटक्यात आपटायची, त्याच क्षणी पुढचा पाय डेकवरच्या खरखरीत ग्रिप टेपवर घासत वर न्यायचा, आणि मग ८६ किलो जमिनीवर परत. तो झटका म्हणजे अकिलीस टेंडनवर अचानक येणारा भार. तीस ते पन्नास वयातले, आठवडाभर बसून रविवारी खेळणारे पुरुष हे अकिलीस तुटण्याचं नेहमीचं गिऱ्हाईक. बॅडमिंटन, बॉक्स क्रिकेट, सगळीकडे हेच. तुटताना ‘मागून कुणीतरी लाथ मारली’ असं वाटतं, माणूस वळून बघतो तर मागे कुणी नसतं. असं झालं तर चालता येतंय म्हणून घरी जाऊ नका, त्याच दिवशी ऑर्थोपेडिककडे जा.

म्हणून ओलीआधी माझ्या दोन अटी. पंचवीस टाचा दोन्ही पायांनी विनातक्रार, आणि जागच्या जागी दोन्ही पायांवर छोट्या उड्या मारल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी काही न दुखणं. मग ओली आधी दाट हिरवळीवर किंवा जुन्या सतरंजीवर, बोर्ड पळू नये म्हणून. एका सत्रात मोजक्याच. थकल्यावर एकही नाही, ‘शेवटची एक’ तर मुळीच नाही. माझ्या टेबलावर येणाऱ्यांपैकी किती जण त्या शेवटच्या एकीत पडलेले असतात ते त्यांना विचारा. पायऱ्यांवरून उडी, उंच कडेवरून उतरणं हे सोडून द्या असं मी स्पष्ट सांगते. किकफ्लिप, म्हणजे ओली मारून बोर्ड हवेत गोल फिरवणं, तुम्हाला पूर्वीही येत नसेल, तर ती आता शिकणं उलट सोपं जाईल, कारण मोडायला जुनी सवय नाही. माझ्या मते या वयातली खरी मजा रॅम्पवर आहे, वाकत-उठत पंप करत वेग घेण्यात. त्यात उडी कमी, लय जास्त. पण त्यासाठी पार्क लागतो आणि आपल्याकडे ते मोजके आहेत.

पडलातच तर दोन-तीन गोष्टी लक्षात ठेवा. मनगटावर पडल्यावर अंगठा ताणला की त्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला एक खळगा दिसतो. तिथे दाबल्यावर दुखत असेल तर स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडलेलं असू शकतं. त्याचा त्रास असा की पहिल्या एक्स-रेत ते कधी कधी दिसत नाही. ‘एक्स-रे नॉर्मल’ ऐकून पट्टा काढू नका. दहा-चौदा दिवसांनी पुन्हा तपासतात किंवा आधीच एमआरआय करतात. या हाडाचा रक्तपुरवठा बेताचा असतो, दुर्लक्ष झालं तर ते जुळत नाही. सुजलेल्या मनगटाला किंवा घोट्याला तेल लावून चोळून घ्यायला कुणाकडेही जाऊ नका, हाडवैद्याचा हात कितीही गुणकारी म्हणून गावभर नाव असो. घोटा मुरगळल्यावर चार पावलं टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावरच दाबून दुखत असेल तर एक्स-रे. डोक्याला लागल्यावर उलटी, गोंधळल्यासारखं बोलणं, वाढत जाणारी डोकेदुखी यातलं काहीही दिसलं तर थेट हॉस्पिटल.

तुमच्या पत्नीचं म्हणणं मला निराधार वाटत नाही. हाड मोडलं तर दीड-दोन महिने घरात कुणाला किती काम पडतं हे त्यांना ठाऊक आहे. त्यांना ‘काही होत नाही गं’ म्हणू नका, कारण होऊ शकतं. हेल्मेट आणि गार्ड बोर्डच्या आधी घरी आणा, ओली किती महिन्यांनी ते आताच सांगून टाका आणि तो शब्द पाळा. शक्य असेल तर एका सकाळी त्यांना सोबत घेऊन जा. बऱ्याच बायकांचा विरोध नवरा कसा पडतो हे दिसत नसल्याने असतो. गादीवर लोळताना एकदा बघितलं की निम्मी भीती हसण्यात जाते. मुलीसोबत खेळणार असाल तर हात धरून बोर्डवर कधीच नाही, तिच्याही आणि तुमच्याही. एक पडला की दुसरा त्याच्यावर पडतो. आणि पहिल्या महिन्यात तिला शिकवू नका. शिकवणाऱ्याला करून दाखवावं लागतं, आणि करून दाखवण्याच्या नादात आत्ता ठरवलेलं सगळं मोडतं.

राहिला तो गुडघा. ‘मार बसला होता’ यातून मला काहीच कळत नाही. वाटीवर आपटून सूज येऊन गेली असेल तर वरचं सगळं तसंच लागू. पण वळताना गुडघा ‘निघाल्यासारखा’ वाटला होता, टप्प असा आवाज होऊन काही तासांत टम्म सुजला होता, तर एसीएल, म्हणजे गुडघा स्थिर ठेवणारा आतला अस्थिबंध, किंवा गादी, म्हणजे मेनिस्कस, यांची शंका येते. असा गुडघा सरळ चालताना वर्षानुवर्षं शांत राहू शकतो आणि वळणाऱ्या हालचालीत दगा देतो, आणि स्केटबोर्ड म्हणजे सगळं वळणंच. तेव्हा एवढं लिहा: मार नेमका कसा बसला, त्याच दिवशी सूज आली की दुसऱ्या दिवशी, एमआरआय झाला होता का, आणि आज जिना उतरताना किंवा एका पायावर उभं राहून अंग वळवताना तो गुडघा डळमळतो का. हे कळेपर्यंत टाचांचा व्यायाम आणि गादीवरचं लोळणं सुरू करा, बोर्ड थांबू दे.